सुगम्य दस्तऐवज आणि शिक्षकांचं प्रशिक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्हा परिषद, नगरपालिका आणि अनुदानित शाळांतले शिक्षक, केंद्रप्रमुख आणि समावेशित शिक्षणाचे साधनव्यक्ती कार्यशाळांमध्ये जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुगम्य दस्तऐवज म्हणजे अशी फाइल, जी डोळ्यांनी वाचता येते, कानांनी ऐकता येते, अक्षर मोठं करून पाहता येते आणि माउस न धरता नुसत्या कीबोर्डवरून हाताळता येते. वर्ड, पॉवरपॉइंट, पीडीएफ, व्हॉट्सॲपवर टाकलेला स्वाध्याय हे सगळं त्यात आलं.

## माझ्या वर्गात एकही अंध मूल नाही. मग मी हे का शिकायचं?

बहुतेक कार्यशाळांत पहिला हात याच प्रश्नासाठी वर होतो, आणि प्रश्न रास्त आहे. पण वर्गात कोण बसलंय हे पटावरून नेहमी कळत नाही. फळ्यावरचं न दिसल्याने शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेणारं मूल अल्पदृष्टी असू शकतं, आणि ते कुणालाच माहीत नसतं. वाचताना ओळ निसटणाऱ्या मुलाला आपण ‘लक्ष नाही’ म्हणून मोकळे होतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, १९९५ च्या कायद्यात ते ७ होते. वाढलेल्या प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे. ही मुलं नेहमीच्याच शाळेत शिकतात.

शिवाय फाइल फक्त मुलं वाचत नाहीत. पालक सभेची सूचना फोटो म्हणून ग्रुपवर टाकली की अंध पालकाला कळतं ते एवढंच, की कसलं तरी चित्र आलंय. अंध शिक्षकही आपल्या शाळांमध्ये नोकरी करतात, आणि त्यांच्यापर्यंत परिपत्रक येतं ते वाकडं स्कॅन केलेलं. आणखी एक गोष्ट. चांगला स्वाध्याय एकदा ग्रुपवर गेला की तो कोणत्या तालुक्यात, कुणाच्या मोबाइलवर पोहोचेल यावर तुमचा ताबा राहत नाही.

## हे कायद्याने बंधनकारक आहे का?

आहे. २०१६ चा अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यातली कलमं १६ आणि १७ समावेशित शिक्षणाची, कलम ४२ माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेचं. संकेतस्थळं, ॲप, दस्तऐवज सुगम्य कसे असावेत हे सांगणारं आयएस १७८०२ हे भारतीय मानक २०२३ मध्ये या कायद्याच्या नियमांत आलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष नुसते शिफारशीपुरते ठेवता येणार नाहीत असं सांगितलं, आणि एप्रिल २०२५ मध्ये प्रज्ञा प्रसून प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानला.

पण कायद्याचा धाक घालून कुणी चांगली फाइल बनवल्याचं आमच्या पाहण्यात नाही. प्रशिक्षणात कायद्याला दहा मिनिटं पुरे.

## स्क्रीन रीडर म्हणजे नक्की काय? तो आमच्याकडे कुठून येणार?

स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्ये ‘टॉकबॅक’ नावाने तो आधीच आहे. आयफोनमध्ये त्याला ‘व्हॉइसओव्हर’ म्हणतात. विंडोजसाठी ‘एनव्हीडीए’ मोफत मिळतो. तो ऑस्ट्रेलियात मायकल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये लिहायला घेतला आणि आज जगभर वापरला जातो. त्याच्यासोबत येणारा ‘ईस्पीक’ हा आवाज मराठी वाचतो. यंत्रासारखा वाटतो, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हसू येतं. रोज वापरणारी मुलं मात्र तोच आवाज इतक्या वेगाने ऐकतात की आपल्याला शब्द वेगळे काढता येत नाहीत.

टॉकबॅक पहिल्यांदा चालू करण्याआधी एक सावधगिरी घ्या: तो चालू असताना एका टिचकीने गोष्ट फक्त निवडली जाते, उघडायला दोनदा टिचकी मारावी लागते आणि पान सरकवायला दोन बोटं लागतात. हे ठाऊक नसलं की फोन बिघडल्यासारखा वाटतो. आवाजाची दोन्ही बटणं एकत्र दाबून धरली की तो चालू-बंद व्हावा, अशी सोय सेटिंगमध्ये आधी करून ठेवा.

## प्रशिक्षणाची सुरुवात कशाने करावी?

ऐकण्याने. प्रत्येक शिक्षकाने स्वतः केलेली एक प्रश्नपत्रिका किंवा स्वाध्याय आणायचा, आणि पडदा बंद करून तो स्क्रीन रीडरवर ऐकायचा. पहिल्या अर्ध्या तासात बाकी काही नको. व्याख्या नको, पीपीटी नको, दीपप्रज्वलन आटोपतं घ्या.

ऐकताना काय होतं? शाळेचं नाव वर्डआर्टमध्ये सजवलेलं असतं, ते भलत्याच ठिकाणी ऐकू येतं किंवा येतच नाही. मग ‘रिकामी ओळ, रिकामी ओळ’ असं चालू राहतं, कारण पुढच्या पानावर जायला एंटर दाबत गेलेलो असतो. उजवीकडचे गुण स्पेसबारने सरकवलेले असतात, त्यामुळे ‘५’ हा आकडा एकटाच कुठेतरी ऐकू येतो. रिकाम्या जागा भरा या प्रश्नात ‘अंडरस्कोर अंडरस्कोर अंडरस्कोर’ येतं, किंवा जागा गाळून वाक्य सरळ वाचलं जातं आणि कुठे भरायचं तेच कळत नाही. आपण ज्याला नीटनेटकी प्रश्नपत्रिका म्हणत होतो ती कानाला कशी लागते, हे शिक्षकाला स्वतःलाच ऐकू येतं. त्यानंतर ‘हे का शिकायचं’ हा प्रश्न सहसा पुन्हा येत नाही.

## शाळेतल्या जुन्या फाइली श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये आहेत. त्या स्क्रीन रीडर वाचेल का?

नाही. सुगम्यतेवरच्या इंग्रजी पुस्तिकांमध्ये ही अडचण फारशी सापडत नाही, कारण ती त्यांची नव्हेच. आपली मात्र ती पहिली अडचण आहे.

कृतिदेव, शिवाजी, डीव्हीटीटी-सुरेख अशा जुन्या फाँटांमध्ये पडद्यावर मराठी दिसत असली तरी आत रोमन अक्षरं साठवलेली असतात. कृतिदेवमध्ये ‘भारत’ टाइप केलं की संगणकाच्या लेखी ते ‘एच के के जे आर’ असतं, आणि स्क्रीन रीडर तेच वाचणार. शीर्षकं नीट दिली, चित्रांची वर्णनं लिहिली, सगळं केलं तरी फाँट जुना असेल तर मेहनत फुकट. फाइल ओळखायची सोपी खूण अशी: चार ओळी कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये चिकटवा. मराठी मराठीच राहिली तर युनिकोड, म्हणजे मराठी अक्षर आतही मराठी म्हणूनच साठवणारी पद्धत. अगम्य रोमन अक्षरं आली तर जुना फाँट.

जुनी फाइल युनिकोडमध्ये नेणारे रूपांतरक मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. जोडाक्षरं तुटतात, आणि त्याच फाइलमधले इंग्रजी शब्दही देवनागरीत जाऊन त्यांचा पार काला होतो. एकदा नीट वाचून घ्यावंच लागतं. म्हणून सगळ्या कपाटाचं रूपांतर करायला बसू नका. या वर्षी ज्या फाइली लागणार आहेत तेवढ्याच करा.

नव्या मजकुरासाठी विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहेच, आणि विंडोज १० मध्ये २०१९ पासून उच्चारानुसार टाइप करायचा कीबोर्डही आहे. ज्यांनी टायपिंगच्या क्लासमध्ये रेमिंग्टन पद्धत शिकून परीक्षा दिली आहे त्यांना बोटांची सवय मोडायची गरज नाही. त्याच पद्धतीने युनिकोड टाइप करून देणारी साधनं आहेत. श्रीलिपीच्या नव्या आवृत्त्यांतही युनिकोडचा पर्याय असतो, तो निवडायचा राहून जातो इतकंच.

## युनिकोडमध्ये टाइप केलं की मराठी बरोबर वाचली जाते ना?

बरीचशी. पण काही सवयी नडतात. ‘दुःख’, ‘स्वतः’ यांत विसर्गाऐवजी कोलन मारायची सवय तर घरोघरी आहे. डोळ्याला फरक जाणवत नाही, स्क्रीन रीडर मात्र शब्द मधेच तोडतो. ‘आचाऱ्यांना बोलवा’ लिहायचं असताना घाईत ‘आचार्यांना बोलवा’ झालं, तर पोषण आहाराची सूचना गुरुजींच्या नावाने ऐकू येते. तारीख ०५/०६ अशी लिहिण्यापेक्षा ‘५ जून’ लिहा.

दुसरी गोष्ट भाषेच्या खुणेची. वर्डमध्ये ‘रिव्ह्यू’ टॅबमध्ये ‘लँग्वेज’ आहे. मजकूर निवडून तिथे मराठी ठरवून द्या. भाषा इंग्रजी राहिली तर काही आवाज देवनागरी गाळूनच टाकतात, आणि हिंदी राहिली तर हिंदी आवाज मराठी वाचायला घेतो. मग ‘चमचा’ आणि ‘जग’ यांचे उच्चार ऐकून पहिलीतली पोरंही हसतात. इंग्रजीच्या पेपरात मराठी सूचना असतील तर तेवढ्या सूचनांना वेगळी भाषा द्या.

## शीर्षक ठळक आणि मोठं केलं तर पुरत नाही का?

पुरत नाही. ठळकपणा डोळ्याला दिसतो, सॉफ्टवेअरला कळत नाही. ‘होम’ टॅबमधल्या ‘स्टाइल्स’मधून पाठाच्या नावाला ‘हेडिंग १’ आणि उपभागाला ‘हेडिंग २’ द्या. मग स्क्रीन रीडर वापरणारं मूल ब्राउझ मोडमध्ये (म्हणजे कळा टाइप करायला नाही, फाइलमध्ये फिरायला वापरल्या जातात तेव्हा) ‘एच’ ही कळ दाबत एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी मारतं. प्रश्नपत्रिकेत प्रत्येक मुख्य प्रश्नाला शीर्षक असेल तर तिसऱ्या प्रश्नाला जायला पहिले दोन पुन्हा ऐकावे लागत नाहीत, आणि परीक्षेत या वेळेला किंमत आहे. मोबाइलवरच्या वर्डमध्ये आणि गुगल डॉक्समध्येही स्टाइल देता येते. रंग आणि आकार आवडला नाही तर स्टाइलमध्येच बदला.

याच ओघात: क्रमांक हाताने टाइप करू नका, यादीची सोय वापरा. पुढच्या पानासाठी कंट्रोल आणि एंटर. गुण उजवीकडे न्यायचे तर टॅब थांबा लावा, किंवा सरळ प्रश्नाच्या शेवटी ‘गुण ५’ असं लिहा. आम्हाला दुसरं बरं वाटतं.

## कृतिपत्रिकेतल्या आकृत्या, ओघतक्ते, चौकटी, जोड्या लावा यांचं काय करायचं?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. दहावीच्या भाषा विषयांत कृतिपत्रिका आल्यापासून ‘आकृती पूर्ण करा’ हा प्रकार खालच्या इयत्तांपर्यंत झिरपला आहे. मधे एक गोल, भोवती चार चौकटी, बाण. शिक्षक हे वर्डमध्ये आकार काढून, त्यात मजकूर भरून करतात. हे तरंगते आकार कोणत्या क्रमाने वाचले जातील याचा नेम नसतो. काही वेळा आधी चारही रिकाम्या चौकटी येतात आणि गोलातला मुद्दा शेवटी. काही वेळा काहीच येत नाही.

उपाय आकृती टाकून देणं हा नाही. इतर मुलांसाठी ती राहू द्या. तिच्याखाली तोच प्रश्न शब्दांत लिहा: ‘मध्यवर्ती मुद्दा: लेखकाच्या आईचे गुण. त्याला जोडलेल्या चार चौकटी रिकाम्या आहेत. प्रत्येकीत एक गुण लिहा.’ ओघतक्ता असेल तर क्रमांक दिलेली यादी करा, ज्यात पहिली आणि चौथी पायरी दिली आहे आणि दुसरी व तिसरी ‘रिकामी जागा’ या शब्दांनी दाखवली आहे. आकृतीला पर्यायी मजकूर (चित्राऐवजी ऐकू येणारं वर्णन) म्हणून ‘खालील प्रश्नातली आकृती’ एवढं पुरतं.

असं शब्दांत उतरवताना शिक्षकाच्या लक्षात येतं, की काही आकृत्यांमध्ये प्रश्न असा नव्हताच, नुसती सजावट होती. मुलाच्या आकलनाची परीक्षा घ्यायची होती की बाणांची? आमचं मत असं, की निम्म्या आकृत्या साध्या प्रश्नात मांडल्या तर सगळ्याच मुलांचं भलं होईल. पण हा वाद वेगळा.

जोड्या लावण्यासाठी खरा तक्ता वापरा, स्पेसने केलेले दोन रकाने नकोत. पहिली ओळ शीर्षकाची आहे हे तक्त्याच्या गुणधर्मांत सांगा. घरं एकत्र जोडू नका. ‘अ गट’ आधी पूर्ण, मग ‘ब गट’ पूर्ण, अशा दोन याद्या दिल्या तर ऐकून सोडवणाऱ्याला त्या आणखी सोयीच्या.

रिकाम्या जागेला एक ठरावीक शब्द वापरा आणि तो सूचनेतच सांगून टाका. बारा रेघा मारण्यापेक्षा ते बरं.

## चित्राचं वर्णन किती लिहायचं?

चित्र तिथे कशासाठी आहे, तेवढं. चित्रावर उजवी टिचकी मारून ‘एडिट ऑल्ट टेक्स्ट’ निवडलं की जागा मिळते. ‘चित्र’, ‘फोटो’ असं लिहायची गरज नाही, ते स्क्रीन रीडर स्वतःच सांगतो.

गोदावरीच्या खोऱ्याचा नकाशा घ्या. धडा नदीच्या मार्गाचा असेल तर ‘गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावून नाशिक, पैठण, नांदेड अशी पूर्वेकडे वाहत तेलंगणात शिरते’ हे वर्णन झालं. तोच नकाशा प्रश्नपत्रिकेत असेल आणि ‘ही नदी ओळखा’ असं विचारलं असेल, तर वर्णनात नाव घालून उत्तर फोडू नका. अशा वेळी प्रश्नच बदलावा लागतो: मार्ग शब्दांत द्यायचा आणि नाव विचारायचं. आकार हाताला कळणं गरजेचं असेल, जसं भूमितीत, तर जाड कागदावर दोरा चिकटवून किंवा फेविकॉलची रेघ वाळवून उठावाची आकृती करता येते. शब्द प्रत्येक ठिकाणी पुरे पडत नाहीत.

कोपऱ्यातली फुलं, तोरणं, शाळेच्या बोधचिन्हामागची किरणं यांना ‘डेकोरेटिव्ह’ अशी खूण करा, म्हणजे ती वगळली जातात. आणि काढून टाकलीत तरी कुणाचं अडत नाही.

## पीडीएफ केली की झालं ना? वर्डची फाइल कुणीही बदलेल.

पीडीएफ कशी केली यावर आहे. वर्डमध्ये ‘सेव्ह ॲज’मधून पीडीएफ निवडा आणि ‘ऑप्शन्स’मध्ये ‘डॉक्युमेंट स्ट्रक्चर टॅग्ज फॉर ॲक्सेसिबिलिटी’वर खूण असल्याची खात्री करा. ‘प्रिंट टू पीडीएफ’ वापरलं तर शीर्षकं, याद्या, चित्रांची वर्णनं यांची सगळी खूणगाठ गळून पडते.

मराठीत याहून मोठी भानगड आहे. पीडीएफ अक्षरांच्या आकृत्या साठवते, आणि देवनागरीत आकृती व अक्षर यांचा क्रम नेहमी जुळत नाही. ‘किती’मधली पहिली वेलांटी क च्या आधी जाऊन पडते, जोडाक्षर अर्धवट येतं. पडद्यावर फाइल सुरेख दिसते आणि ऐकायला गेलं की बोबडी. म्हणून मराठी मजकुरासाठी आमचा सल्ला ठाम आहे: पीडीएफ द्यायचीच तर द्या, पण सोबत वर्डची फाइल किंवा ईपब (ई-पुस्तकाची फाइल) द्या. गुगल डॉक्समधून ‘डाउनलोड’ करताना ईपबचा पर्याय मिळतो. फाइल कुणी बदलेल अशी भीती असेल तर वर्डमध्ये संपादनावर बंधन घालता येतं.

## आम्ही वहीचं किंवा पुस्तकाचं पान फोटो काढून ग्रुपवर टाकतो. ते बंद करायचं का?

बंद नको. जोडीला मजकूर द्या. फोटो गुगल ड्राइव्हवर चढवून ‘गुगल डॉक्ससह उघडा’ म्हटलं की छापील मराठी मजकूर बराच बरोबर उतरतो. गुगल लेन्सनेही उतरतो. तक्ते आणि दोन रकान्यांची पानं यांत गोंधळ होतो, ती हाताने नीट करावी लागतात. हस्ताक्षराच्या बाबतीत फार आशा ठेवू नका. दोन-तीन ओळींचा गृहपाठ असेल तर थेट संदेश म्हणून टाइप करा, किंवा बोलून पाठवा.

## गणित आणि विज्ञानाची सूत्रं?

सूत्राचा फोटो चिकटवू नका. वर्डमध्ये ‘अल्ट’ आणि ‘बरोबर’ची कळ एकत्र दाबली की समीकरणाची चौकट उघडते, त्यात लिहा. तिथे लिहिलेलं गणित एनव्हीडीए ‘मॅथकॅट’ या मोफत साधनाच्या मदतीने वाचू शकतो. तोंडी सांगताना किंवा शब्दांत लिहिताना कंस बोला: ‘अ अधिक ब भागिले क’ याचे दोन अर्थ होतात. छेद कुठवर जातो ते ऐकणाऱ्याला दिसत नसतं.

## अल्पदृष्टी आणि वाचनात अडखळणाऱ्या मुलांसाठी वेगळी फाइल करावी लागते का?

सहसा नाही. नीट केलेली वर्डची फाइल मूल स्वतः मोठी करून घेतं. छापून द्यायची असेल तर १८ पॉइंट किंवा त्याहून मोठं अक्षर, आणि दोन ओळींत मोकळी जागा, कारण आपल्या लिपीत वरून वेलांट्या आणि खालून उकार येतात. अधोरेखन टाळा. ती रेघ नेमकी उकारांतून जाते आणि ‘सु’ व ‘सू’ सारखेच दिसू लागतात. तिरपं अक्षरही नको, ठळक पुरे. दोन्ही कडा सरळ करायच्या हट्टाने शब्दांत विचित्र फटी पडतात. डावी कड सरळ, उजवी मोकळी ठेवा.

रंगांचं माप ठरलेलं आहे: वेब सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनुसार अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या तेजातलं गुणोत्तर निदान ४.५ : १ हवं, मोठ्या अक्षरांना ३ : १ चालतं. पांढऱ्यावर पिवळं या मापात बसत नाही. आणि ‘लाल रंगातले शब्द ओळखा’ असा प्रश्न रंगांध मुलाला सुटणार नाही. त्या शब्दांना कंस किंवा चौकटही द्या.

## कर्णबधिर मुलांना तर दिसतं. त्यांच्यासाठी दस्तऐवजात काय करायचं?

व्हिडिओला उपशीर्षकं द्या, आणि ती आपोआप तयार झालेली असतील तर वाचून दुरुस्त करा. पण तेवढ्यावर समाधान मानू नका. जन्मापासून न ऐकणाऱ्या अनेक मुलांची पहिली भाषा सांकेतिक असते, लिखित मराठी नंतर येते. लांबलचक संयुक्त वाक्यं, ‘न’ आणि ‘नाही’ची गुंतागुंत, म्हणी यांत ती अडकतात. सूचना लहान वाक्यांत द्या, एका वाक्यात एकच काम. पाठ्यपुस्तकं भारतीय सांकेतिक भाषेत आणण्यासाठी एनसीईआरटी आणि भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र यांच्यात २०२० मध्ये करार झाला. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, जिथे श्रवणदोषाच्या क्षेत्रातले शिक्षक तयार होतात. मार्गदर्शन घ्यायचं तर तिथून.

## आता आवाज आहे, मग ब्रेल कशाला?

ऐकून शुद्धलेखन येत नाही. ब्रेल लिहिणं-वाचणं म्हणजे अंध मुलाची साक्षरता. तुमची युनिकोड फाइल चांगली असेल तर ती भारती ब्रेलमध्ये (भारतीय भाषांसाठीच्या ब्रेल लिपीत) नेणं सोपं जातं, आणि ब्रेल डिस्प्ले, म्हणजे पडद्यावरचा मजकूर ब्रेलच्या उठावात दाखवणारं यंत्र, असेल तर थेट बोटांखाली येते. जुन्या फाँटातली फाइल इथेही उपयोगाची नाही.

## पाठ्यपुस्तक किंवा कथासंग्रह टाइप करून मुलाला दिला तर कॉपीराइटचा भंग होतो का?

नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये तशी सवलत आली. दिव्यांग व्यक्तीला वाचता यावं म्हणून, नफा न घेता, सुगम्य प्रत करता येते. अशा सुगम्य प्रतींना वाट करून देणाऱ्या मराकेश या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता देणारा भारत हा पहिला देश, २०१४ मध्ये. मात्र ही प्रत ज्याला गरज आहे त्याच्यासाठी आहे. तीच सगळ्या पालकांच्या ग्रुपवर टाकली तर सवलत लागू होत नाही. टाइप करायच्या आधी ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयात शोधा. पुस्तक तिथे आधीच असेल तर रात्री जागायची गरज नाही.

## प्रशिक्षण किती दिवसांचं ठेवावं आणि कुठे?

सलग दोन दिवस जिल्ह्याला बोलावून जेवण आणि प्रमाणपत्र देऊन परत पाठवण्यापेक्षा केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत दर वेळी एक तास घ्या. पहिल्या महिन्यात ऐकणं आणि युनिकोड, दुसऱ्यात शीर्षकं आणि तक्ते, तिसऱ्यात चित्रं आणि कृतिपत्रिका. मधल्या काळात प्रत्येकाने स्वतःची एकच फाइल दुरुस्त करून आणायची आणि ती सगळ्यांसमोर ऐकायची. इतरांसमोर फाइल वाजणार आहे म्हटल्यावर तयारी आपोआप होते.

ऑनलाइन प्रशिक्षण वाईट नाही, पण व्हिडिओ एकीकडे चालू ठेवून दुसरीकडे वह्या तपासल्या जातात हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. हे हाताचं आणि कानाचं काम आहे, ते बसून करावं लागतं. शाळेत एकच संगणक असेल तर तिघांत एक लॅपटॉप चालतो, बाकी मोबाइलवर होतं.

## शिकवणार कोण?

रोज स्क्रीन रीडर वापरणारी व्यक्ती प्रशिक्षकांत हवीच. तालुक्यात शोधलं तर अंध शिक्षक, बँक कर्मचारी, पदवीधर तरुण सापडतात. त्यांना ‘अनुभवकथन’ करायला दहा मिनिटं देऊन शाल-श्रीफळात गुंडाळू नका. सत्र त्यांनी घ्यावं, आणि इतर तज्ज्ञांना जे मानधन मिळतं तेच त्यांना मिळावं. सोबतीला गटसाधन केंद्रातले विशेष शिक्षक असले की मुलांची उदाहरणं मिळतात. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं दृष्टिबाधितांसाठीचं साधन केंद्रही या विषयात काम करतं.

## वर्डमधलं ‘चेक ॲक्सेसिबिलिटी’ हिरवं दाखवतं. मग फाइल बरोबर?

ते बटण कामाचं आहे, जरूर दाबा. वर्णन नसलेलं चित्र, शीर्षकाची ओळ नसलेला तक्ता, फिका रंग ते पकडतं. पण वर्णनाच्या जागी ‘आयएमजी ००४५’ लिहिलेलं असलं तरी त्याला चालू शकतं, कृतिदेव त्याला ओळखू येत नाही, आणि विसर्गाच्या जागचा कोलन तर नाहीच नाही. बटणानंतर कान लावायचाच.

## एआयकडून चित्रांची वर्णनं करून घेतली तर?

पहिला मसुदा म्हणून ठीक. तो दिसेल ते सगळं सांगत सुटतो, धड्याला काय हवं ते त्याला माहीत नसतं. आकडे आणि नकाशावरची नावं तपासल्याशिवाय ठेवू नका. मुलांचे फोटो मात्र त्यात चढवू नका.

## प्रश्नपत्रिका आधी अंध विद्यार्थ्याला ऐकवून तपासली तर पेपर फुटणार नाही का?

फुटेल. म्हणून तपासणी मागच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकेवर करा, त्याच साच्यात. मुलाला विचारा की कुठे अडलं, कोणती सूचना दोनदा ऐकावी लागली, रिकामी जागा कळली का. त्याने सांगितलेल्या दुरुस्त्या साच्यात करून तो ‘प्रश्नपत्रिका साचा’ नावाने जपून ठेवा आणि नवा पेपर त्यातच टाइप करा. नवा पेपर तुम्ही स्वतः हेडफोन लावून एकदा ऐका. मुलाला लेखनिक मिळणार असेल तरी हे करा, कारण लेखनिकही तोच कागद मोठ्याने वाचून दाखवणार आहे.